श्रेणी-मूल्यमापन आणि छात्राध्यापक

श्रेणी-मूल्यमापनाविषयी छात्राध्यापकांची मते हा शिक्षक-शिक्षणातील एक अभ्यासविषय आहे. विद्यार्थ्याच्या कामाला गुण वा श्रेणी देताना नेमके काय मोजावे, प्रयत्नांना किती महत्त्व द्यावे, मागे पडलेल्या मुलाला खालची श्रेणी द्यावी की नाही, या प्रश्नांकडे डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) आणि बी.एड. अभ्यासक्रमांचे विद्यार्थी कसे पाहतात, याचा विचार त्यात केला जातो. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीच्या वर्गांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. तेव्हापासून सराव पाठ आणि आंतरवासितेसाठी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाचा या प्रश्नांशी प्रत्यक्ष संबंध येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी परिसरासारख्या डोंगराळ भागातील लहान शाळांमध्ये त्यांना वेगळे रूप येते.

छात्राध्यापकाचे स्थान

छात्राध्यापक एकाच वेळी श्रेणी देणारा आणि श्रेणी घेणारा असतो. सकाळच्या तासाला तो मुलांच्या वह्या तपासतो. त्याच तासाला वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक त्याच्या पाठ टाचणावर, फलकलेखनावर आणि प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर शेरे लिहीत असतात व पाठाला गुण देतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी एकूण २० आठवडे राखून ठेवण्यात आले. त्यामुळे मोजक्या सराव पाठांपुरता येणारा पाहुणा ही छात्राध्यापकाची जुनी ओळख बदलली. घटक चाचणी काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, निकालाचे विश्लेषण करणे ही कामेही त्याच्याकडे आली.

मूल्यमापनाचे औपचारिक शिक्षण त्याला संविधान तक्त्यापासून मिळते. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य या उद्दिष्टांना किती भार द्यायचा, वस्तुनिष्ठ, लघुत्तरी व दीर्घोत्तरी प्रश्न किती ठेवायचे, हे तक्त्यात मांडून मगच प्रश्नपत्रिका काढायची असते. सोबत उत्तरसूची आणि गुणदान योजना द्यावी लागते. ही शिस्त लेखी परीक्षेला चांगली लागू पडते. परंतु दुसरीच्या वर्गात कविता म्हणताना अडखळणाऱ्या मुलीला कोणती श्रेणी द्यावी, हे संविधान तक्ता सांगत नाही.

डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शिक्षकी पेशाविषयीच्या आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. शिक्षक होऊ पाहणारी व्यक्ती प्रशिक्षणाला येण्यापूर्वीच, विद्यार्थी म्हणून घालवलेल्या वर्षांत, हजारो तास शिक्षकांचे निरीक्षण करून आलेली असते आणि अध्यापनाविषयीच्या तिच्या कल्पना तिथेच घडलेल्या असतात. मूल्यमापनाला हे विशेष लागू पडते. महाराष्ट्रातील आजच्या छात्राध्यापकांपैकी अनेकांच्या प्राथमिक शाळेच्या प्रगतिपत्रकावर श्रेणी होत्या, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर गुण आणि टक्के होते. घरात आणि गावात लक्षात राहिली ती दहावीची टक्केवारी.

महाराष्ट्रातील श्रेणी पद्धती

गुणांऐवजी श्रेणी द्याव्यात हा विचार भारतात नवा नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचा आणि गुणांच्या जागी श्रेणींचा पुरस्कार होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्यातील कलम २९ मुळे अशा मूल्यमापनाला कायद्याचे बळ मिळाले. राज्य शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने त्याची कार्यपद्धती ठरवून दिली.

या पद्धतीत मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. वर्षभर शिकता-शिकवताना होते ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन. त्यांचा भार इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के व संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला समसमान, आणि सातवी-आठवीला ४० व ६०. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिके, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य अशी साधने-तंत्रे दिली आहेत. सहाध्यायी मूल्यमापन आणि स्वयंमूल्यमापन यांनाही त्यांत जागा आहे. दोन्ही भागांच्या बेरजेवरून श्रेणी ठरते: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि त्याखाली इ-२. श्रेणीसोबत विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक अशा वर्णनात्मक नोंदीही ठेवायच्या असतात. खालच्या श्रेणीतील मुलांना पूरक मार्गदर्शन करून वर आणण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. म्हणजेच खालची श्रेणी हा मुलावरचा निकाल नसून शिक्षकाने पुढे करावयाच्या कामाची सूचना आहे, अशी या पद्धतीमागील भूमिका आहे.

प्रयत्न की संपादणूक

छात्राध्यापकांच्या मतांमधील सर्वांत ठळक प्रश्न हा आहे. मुलाने किती मेहनत घेतली, त्याचे वर्तन कसे होते, तो किती सुधारला, या गोष्टी श्रेणीत धराव्यात की केवळ त्याला काय येते तेवढेच पाहावे? मापनशास्त्राचे उत्तर सरळ आहे. श्रेणीने संपादणूक सांगावी, प्रयत्न आणि वर्तन यांची नोंद वेगळी ठेवावी. परंतु वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत शिक्षक आणि भावी शिक्षक हे उत्तर पूर्णपणे स्वीकारत नाहीत, असे दिसून आले आहे. सुसान ब्रूकहार्ट यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की शिक्षक श्रेणीत संपादणूक, मेहनत आणि वृत्ती यांची सरमिसळ करतात. श्रेणी ही त्यांच्या लेखी मुलाने केलेल्या कामाचा मोबदला असते आणि तिचा मुलावर काय परिणाम होईल याचाही ते विचार करतात. या सरमिसळीला केवळ अज्ञान म्हणता येत नाही. ज्याला रोज त्या मुलासमोर उभे राहायचे आहे, त्याचा तो विचारपूर्वक केलेला निवाडाही असू शकतो.

महाराष्ट्राच्या चौकटीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण इथे आकारिक भागातच निरीक्षण आणि सहभाग अंतर्भूत आहेत. पाचवीतील दोन मुलांचे उदाहरण घेता येईल. एकाला आकारिकमध्ये ५० पैकी ४२ आणि संकलितमध्ये २१ गुण मिळाले. दुसऱ्याला आकारिकमध्ये ३० आणि संकलितमध्ये ३३. दोघांची बेरीज ६३, दोघांचीही श्रेणी ब-२. पहिला मुलगा तोंडी आणि हाताने केलेल्या कामात पुढे आहे, पण लेखी परीक्षेत अडतो. दुसऱ्याचे नेमके उलट आहे. प्रगतिपत्रकावरील अक्षर दोघांतला हा भेद सांगत नाही. तो सांगण्याचे काम वर्णनात्मक नोंदीचे. उलट, ८० आणि ८१ गुणांच्या मुलांत एका गुणाचे अंतर असूनही त्यांच्या श्रेणी वेगळ्या पडतात, तर ८१ आणि ९० गुण एकाच श्रेणीत बसतात. सीमेवरच्या मुलाला एक गुण वाढवून द्यावा का, हा छात्राध्यापकाच्या वाट्याला येणारा अगदी साधा आणि तितकाच अवघड प्रसंग असतो.

गुण म्हणजे वस्तुनिष्ठता, हा समज मात्र फार पूर्वीच तपासला गेला आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीच्या एका उत्तरपत्रिकेला मिळालेले गुण २८ पासून ९५ पर्यंत पसरलेले होते. निबंधात मतभेद होतात हे सर्वांना ठाऊक असते, भूमितीत ते इतके असावेत हे मात्र अनपेक्षित होते. एका गुणाच्या फरकाला फार अर्थ नाही, ही श्रेणी पद्धतीमागची मूळ धारणा अशा प्रयोगांवर उभी आहे.

लहान शाळांतील प्रश्न

पोफळी हे चिपळूण तालुक्यातील गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूण–कराड मार्गावर आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे ते ओळखले जाते. सह्याद्रीच्या कुशीतील या पट्ट्यात वाड्या विखुरलेल्या आहेत. कोकणात अशा वाड्यांमधील जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या बहुधा कमी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वा अधिक इयत्ता येतात.

अशा बहुवर्ग शाळेत श्रेणी पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट दिसतात. मुले थोडी असल्याने शिक्षक प्रत्येकाला नावानिशी, घरादारासकट ओळखतो. दैनंदिन निरीक्षण ही कल्पना शहरातील साठ मुलांच्या वर्गापेक्षा इथे अधिक खरी ठरू शकते. दुसरीकडे प्रत्येक इयत्तेच्या, प्रत्येक विषयाच्या आणि प्रत्येक मुलाच्या नोंदी त्याच एक-दोन शिक्षकांनी भरायच्या असतात. नोंदवहीत ‘वाचन स्पष्ट करतो’, ‘गृहपाठ वेळेवर करतो’ अशी साचेबंद वाक्ये फिरून फिरून येऊ लागली की वर्णनात्मक नोंदीचा हेतू संपतो. ओळखीचा दुसराही परिणाम आहे. पालक रोज रस्त्यात भेटणारे असतात, त्यामुळे इ-१ लिहिताना शिक्षकाचा हात जड होतो. बाहेरून आलेल्या छात्राध्यापकाला हा संकोच नसतो, पण मुलाच्या परिस्थितीची माहितीही नसते.

अंतर्गत गुणांचा वाद

शाळेने स्वतः दिलेल्या गुणांवर किती विश्वास ठेवावा, हा वाद माध्यमिक स्तरावर आकड्यांसह पुढे आला. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे २० अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ ८८.३८ टक्क्यांसह तेव्हाही राज्यात पहिले राहिले. अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. कोविडच्या साथीमुळे २०२१ ची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या शाळांतर्गत लेखी कामाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांना २० गुण अशा सूत्राने निकाल लावला गेला. तो ९९.९५ टक्के होता, कोकण विभागाचा १०० टक्के.

या आकड्यांवरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. शिक्षक हात सैल सोडून गुण देतात, हा एक. तीन तासांच्या लेखी परीक्षेत न दिसणारे कौशल्य शाळेला वर्षभर दिसत असते, हा दुसरा. शिक्षक-शिक्षणाच्या वर्गात या दोन्ही बाजू घेणारे छात्राध्यापक असतात. त्यांना स्वतःला मिळणाऱ्या पाठांच्या आणि प्रात्यक्षिकांच्या गुणांबाबतही हाच वाद लागू होतो, आणि तिथे त्यांची मते अनेकदा उलट बाजूने झुकतात.

अलीकडील बदल

आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात न ठेवण्याच्या तरतुदीवर बोलीभाषेत ‘ढकलपास’ अशी टीका होत राहिली. वास्तविक श्रेणी पद्धती आणि अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, पण लोकांच्या मनात त्या एकच झाल्या. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा सुरू झाली. इतर इयत्तांमध्ये श्रेणी कायम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत मुलाचे स्वतःचे आणि सहाध्यायींचे मूल्यमापन अपेक्षित आहे. आज आंतरवासितेला जाणाऱ्या छात्राध्यापकाला त्यामुळे एकाच शाळेत चौथीच्या वर्गासाठी श्रेणी आणि नोंदी, तर पाचवीच्या वर्गासाठी उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा, अशा दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी हाताळाव्या लागतात.