पोच

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, निम्मे उतारू वड्यासाठी फलाटावर येतात आणि तेवढ्यात मागे शेवटच्या डब्याला बँकर लागतात. बँकर म्हणजे बँकेतला साहेब नव्हे. रेल्वेच्या इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे चढ. त्या चढावर मागून रेटा देणारं इंजिन ते बँकर. कर्जतमध्ये हा शब्द इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्द शोधायला कोणी गेलं नाही आणि जाऊही नये. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. इथला चढ सदतिसाला एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. एकट्या इंजिनाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

पण पुढचं इंजिन आणि मागचे बँकर यांच्यामध्ये अख्खी गाडी, वळणं, बोगदे. एकाला दुसरा दिसत नाही. ओढणं आणि ढकलणं एकदम सुरू व्हायला हवं, नाहीतर मधल्या डब्यांना हिसके. यावर नियमावलीतला उपाय म्हणजे शिट्टी. पुढच्या इंजिनाची एक आखूड शिट्टी: मी निघायला तयार आहे. बँकरची एक आखूड शिट्टी: कळलं. धावत्या गाडीत हीच आखूड शिट्टी ‘आता मदत नको’ असं सांगते, आणि मदत थांबवल्याचं बँकरचं उत्तरही तेच. निरोप आणि त्याची पोच, दोन्हींचा आवाज एक. आता वॉकीटॉकीही आले, तरी ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगायची रीत तीच आहे.

पोच हा शब्द पोहोचणे या क्रियापदापासून आला. प्राकृतात ‘पहुच्चइ’ आहे, हिंदीत ‘पहुँचना’. पोचट मात्र या घरातला नव्हे. त्याचं नातं फारसी ‘पूच’शी, म्हणजे पोकळ. पोच मुळात नुसतं जाऊन ठेपणं. पुढे ती जाऊन ठेपल्याची खूण झाली: पाकिटाची पोच, पैशांची पोच. आणि मग मराठीनं त्याला एक खास वळण दिलं. ‘कुठे काय बोलावं याची पोच नाही त्याला’ म्हणताना आपण टपालाबद्दल बोलत नसतो. समज, भान, रीत या सगळ्याला पोच. त्याच अर्थानं पाचपोच.

पोचपावतीतला दुसरा अर्धा भाग ‘पावणे’चा. संस्कृत प्राप्, प्राकृत पावइ, मराठी पावणे. देव पावतो तो याच क्रियापदानं. (गावाकडचा पावणा दिसायला सख्खा वाटतो, पण तो प्राघुणकाचा पाहुणा.) म्हणजे पोचपावती या शब्दात आपण एकच गोष्ट दोनदा बोलतो. तारायंत्राच्या काळापासून शहाणी माणसं महत्त्वाचा निरोप दोनदाच देत आली, तेव्हा त्यात वावगं काही नाही.

पेशवेकाळातल्या पत्रांची सुरुवात बघा: पत्र पावले, वर्तमान कळले. पावले आणि कळले ही दोन क्रियापदं वेगळी ठेवण्यात मोठी अक्कल आहे. पत्र पावूनही कळलेलं नसू शकतं. शाई फुटलेली असते, कागद भिजलेला असतो. तिथेच आजच्या गाड्यांच्या बिनतारी बोलण्याचं सगळं त्रांगडं येऊन बसतं.

खालापूरचा टोलनाका ओलांडून एक्सप्रेसवेनं घाट चढणाऱ्या ट्रकला मागच्याशी बोलायला हॉर्न, डिपर आणि ब्रेकचे दिवे एवढंच असतं. डिपर मारला, समोरच्यानं पाहिला तर पाहिला. गाडीनं गाडीशी थेट, मधे मोबाइलचा टॉवर न घेता बोलावं यासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर जे पहिलं मानक २०१० मध्ये ठरलं, त्याचा स्वभाव डिपरचाच होता. मी इथे आहे, माझा वेग इतका, असं साधारण सेकंदाला दहा वेळा सांगत सुटायचं. पोच कोणी मागत नाही, कोणी देत नाही. २०१७ च्या सुमारास मोबाइलवाल्यांच्या मानकात सुधारणा आली ती इतकीच, की तोच निरोप आंधळेपणानं आणखी एकदा पाठवायचा. पहिला मिळाला की नाही, विचारायचं नाही.

या पुन्हा पाठवण्याला पारिभाषिक कोशाच्या वळणाचा शब्द पुनःप्रेषण. मला फेरपाठवण जवळची वाटली असती. फेरमोजणी, फेरतपासणी आपण बोलतोच. ‘पाठवणे’ पाठीवरून आलेलं नाही, ते संस्कृत प्रस्थापयतिचं रूप. अडचण एवढीच, की पाठवणी म्हटलं की मांडव आठवतो, आणि फेरपाठवणी म्हटलं की लेक भांडून माहेरी आलेली दिसते.

खरी पोच आली ती २०२० च्या मानकात. ऐकणारी गाडी आता ‘कळलं’ किंवा ‘नाही कळलं’ असं उलट सांगू शकते. निरोपाचा मथळा वाचता आला, मजकूर मात्र गोंगाटात फाटला, तर ती फाटकी प्रत टाकून देत नाही. प्रत्येक अक्षराबद्दल ‘बहुधा हे असावं’ असा अंदाज जपून ठेवते. दुसरी प्रत येते, तीही फाटकीच, पण दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही अंदाज एकत्र केले की पुष्कळदा मजकूर लागतो, जरी सुटी एकही प्रत लागली नसती.

हे अर्धवट अंदाज ठेवायची जागा म्हणजे बफर. कर्जतच्या माणसाला बफर ठाऊक आहे तो जुन्या डब्यांच्या टोकाला असलेला लोखंडी तवा, ज्यावर बँकरचा रेटा येतो. इंग्रजीत मऊ धक्क्याच्या आवाजावरून ‘बफ’, त्यातून धक्का झेलणारा तो बफर. संगणकातला बफरही कमीजास्त वेगांचा धक्काच झेलतो. पण अर्धे कागद जपण्याच्या या कामाला मराठीत बासन शोभेल. प्रश्न एकच, बासन सोडायचं कधी? आजूबाजूला वीसेक गाड्या बोलत असतील तर प्रत्येकीच्या अर्ध्या निरोपांना जागा पुरत नाही. म्हणून निरोपाच्या मथळ्यातच खूण असते: हा जुन्याचीच दुसरी प्रत, की नवा? नवा असेल तर जुनं बासन झटकून मोकळं. ही खूण नसती तर दोन वेगळ्या निरोपांचे तुकडे एकमेकांना शिवले गेले असते.

घोळक्याला एकदम सांगायचं असेल तर मानकात आणखी एक सोय आहे. सगळ्यांनी पोच द्यायची नाही. ज्यांना कळलं नाही त्यांनीच, आणि तेही एकाच ठरलेल्या जागी, कितीही जण ओरडले तरी चालेल असं. कळलेले गप्प. पण ज्यांना मथळासुद्धा ऐकू आला नाही तेही गप्पच राहणार, ही यातली मेख. निरोप देणारी गाडी मथळ्यात अंतरही सांगते. तेवढ्या अंतराबाहेरच्यानं, कळलं नसलं तरी, तक्रार करायची नाही. हा पाचपोच म्हणायला हरकत नाही. या नकाराला मराठीत काय म्हणावं, हे मात्र मला सुचत नाही. ‘पोच नाही’ असं सरळ म्हणता आलं असतं, पण एका ट्रकनं दुसऱ्याला तसं कळवलं तर तो निरोप राहत नाही, टोमणा होतो.