३१ ऑगस्ट १८४८ : हजारी २३ मृत्यूंची रेघ

ब्रिटनमधला सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा या दिवशी मंजूर झाला. एखाद्या गावात सात वर्षांच्या सरासरीने दर हजारी २३ हून अधिक माणसे मरत असतील, तर करदात्यांनी मागणी केली नसली तरी तिथे स्थानिक आरोग्य मंडळ नेमता येई. यामागे समाजसुधारक एडविन चॅडविक यांचा १८४२ चा अहवाल होता. त्यातले लिव्हरपूलचे आकडे आजही अंगावर येतात. मृत्यूसमयीचे सरासरी वय सधनांचे ३५, मजुरांचे अवघे १५! कोवळ्या मुलांचे मृत्यू ही सरासरी खाली ओढत होते. ग्रामीण रटलंड परगण्यातल्या मजुरांचे हेच वय मात्र ३८ भरले. चॅडविक दुर्गंधीलाच रोगाचे मूळ मानत. कारण चुकले, पण गटारे आणि स्वच्छ पाण्याचा त्यांचा हट्ट योग्यच होता. या कायद्याने नेमलेले केंद्रीय आरोग्य मंडळ मात्र १८५८ मध्ये गुंडाळले गेले.