महागडे ड्रिल बिट घरी हवेतच का?

घरात ड्रिल मशीन असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पडद्याचा रॉड, पुस्तकांची फळी, स्वयंपाकघरातील कपाटाची बिजागरी अशा कामांसाठी दर वेळी मिस्त्रीची मनधरणी करण्यापेक्षा स्वतःचे मशीन बरे, असे म्हणून अनेकजण ते विकत घेतात. मशीन घेताना चार ठिकाणी चौकशी होते. प्रत्यक्ष भोक पाडणारा बोटभर लांबीचा बिट मात्र मशीनसोबत फुकट मिळाला तोच वापरला जातो. तो दोन महिन्यांत बोथट झाला, की मग प्रश्न पडतो.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत ६ मिलिमीटरचा बिट मागितला, तर दुकानदार तीन-चार प्रकार समोर ठेवतो. एक काळा, एक चकचकीत रुपेरी, एक सोनेरी आणि एखादा फिकट तपकिरी. माप तेच, लांबी तीच. किमतीत मात्र तिप्पट-चौपट अंतर. हे जादा पैसे नेमके कशाचे, हे कळले तर निवड सोपी होते.

सर्वांत स्वस्त बिट साध्या कार्बन पोलादाचे असतात. हे पोलाद थंड असताना पुरेसे कठीण असते. पण तापमान दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की त्याचे पाणी उतरते. लोखंडात भोक पाडताना धारेपाशी एवढी उष्णता सहज निर्माण होते. त्यावरचा उपाय अमेरिकेत सापडला. पेनसिल्व्हेनियातील बेथलहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मौन्सेल व्हाइट यांनी टंगस्टनयुक्त पोलादाला अतिउच्च तापमानावर पाणी देण्याची पद्धत शोधली आणि १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात या पोलादाची हत्यारे जगाने पाहिली. हेच ‘हाय स्पीड स्टील’, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतील एचएसएस. सुमारे सहाशे अंशांपर्यंत ते आपली कठीणता टिकवून धरते. ‘हाय स्पीड’ हे नाव कारखान्यातील लेथ यंत्रे वेगाने चालविता येऊ लागली म्हणून पडले. घरी ते वाचून मशीन पूर्ण वेगाने फिरविणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेक बिट तिथेच जळतात.

एचएसएसमध्ये ५ टक्के कोबाल्ट मिसळले, की एम-३५ आणि ८ टक्के मिसळले, की एम-४२ हे प्रकार तयार होतात. कोबाल्टमुळे पोलाद आणखी उष्णता सहन करते. मात्र ते ठिसूळही होते. सोनेरी बिटावर टायटॅनियम नायट्राइडचा दोन-तीन मायक्रॉन जाडीचा लेप असतो. हा लेप अत्यंत कठीण असला, तरी बिटाला पुन्हा धार लावली, की टोकावरून निघून जातो. कोबाल्ट संपूर्ण बिटात मुरलेले असल्याने धार लावल्यावरही त्याचा गुण कायम राहतो. म्हणूनच सोन्याच्या रंगाला भुलू नये. लेपाखाली हलके पोलाद असेल, तर त्या रंगाची किंमत नवरात्रातील झेंडूइतकीच. प्रस्तुत प्रतिनिधीने हौसेने घेतलेल्या तेरा सोनेरी बिटांच्या डबीतील पहिला बिट स्वयंपाकघरातील स्टीलच्या ट्रॉलीला अर्धे भोक पाडून निळा पडला आणि दुसरा चक्क मोडला. दोष बिटांचा होता. पण अर्धा माझाही होता, हे पुढे कळले.

तो अर्धा दोष वेगाचा. एचएसएस बिटाच्या धारेने साध्या लोखंडावर मिनिटाला साधारण २५ मीटर आणि स्टेनलेस स्टीलवर १० मीटर अंतर कापावे, हा कारखान्यांतील ढोबळ हिशेब. ६ मिलिमीटरच्या बिटासाठी त्याचे फेरे मिनिटाला अनुक्रमे तेराशे आणि पाचशेच्या आसपास येतात. घरगुती मशीन मोकळे फिरते ते मिनिटाला अडीच ते तीन हजार फेऱ्यांनी! स्टेनलेस स्टीलचा आणखी एक खोडसाळ गुणधर्म असा, की बिट नुसता घासत राहिला, तर पत्र्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होत जातो. तिथे वेग कमी, दाब खंबीर आणि दोन थेंब तेल ही त्रिसूत्री पाळावी लागते. ती न पाळल्यास कोबाल्टचा महागडा बिटही वाचत नाही. पाळल्यास बरा एचएसएस बिटही पातळ पत्र्याची पाच-दहा भोके मुकाट्याने पाडतो.

चांगल्या बिटाचे खरे मोल पोलादाइतकेच त्याच्या टोकाच्या घडणीत असते, ही बाब मात्र फारशी कोणी सांगत नाही. स्टीफन मोर्स या अमेरिकनाने १८६३ साली पेटंट घेतलेल्या पीळदार बिटाचा मूळ आकार आजही तोच आहे. या बिटाच्या अगदी मध्यभागी फिरण्याचा वेग शून्य असतो. तिथली आडवी कड धातू कापत नाही, ती तो नुसता रेटते. त्यामुळे बिट सुरुवातीला पत्र्यावर भरकटतो आणि जोरही जास्त लागतो. नेहमीच्या बिटाचे टोक ११८ अंशांचे असते. चांगल्या प्रतीच्या बिटांना बहुधा १३५ अंशांचे, मध्ये खाचा देऊन ती आडवी कड आखूड केलेले टोक असते. ते जागच्या जागी रुतते. हाताने मशीन धरणाऱ्या हौशी माणसाला याचा जो फायदा होतो, तो कोबाल्टपेक्षा किती तरी मोठा आहे. जादा पैसे द्यायचेच असतील, तर ते या टोकासाठी द्यावेत.

आता खरा प्रश्न. सदनिकेत राहणारा माणूस भोके पाडतो कशात? दहापैकी आठ वेळा भिंतीत. तिथे एचएसएस, कोबाल्ट, सोनेरी लेप या कशाचाच उपयोग नाही. विटा आणि काँक्रीट यांच्यावर ते क्षणात बोथट होतात. भिंतीसाठीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची चकती झाळलेली असते आणि मशीनच्या ठोक्यांबरोबर ती काँक्रीटचा चुरा करीत आत जाते. पैसे खर्च करण्याची घरातली जागा हीच आहे. हलक्या बिटाची चकती ठिसूळ असते, झाळणी कच्ची असते. तापल्यावर चकती निसटते आणि भिंतीतच अडकते. भोक वेडेवाकडे, मोठे झाले, की रावळप्लग सैल बसतो आणि गीझर किंवा भांड्यांची मांडणी यांसारखे वजन अशा प्लगवर लटकत राहते. ६, ८ आणि १० मिलिमीटरचे तीन उत्तम कार्बाइड बिट घेतले, तर बहुतेक घरांची बरीच वर्षांची गरज भागते. तापलेला बिट पाण्यात बुडवून थंड करण्याची सवय मात्र सोडावी. कार्बाइडला त्याने तडे जातात.

काँक्रीटमध्ये बिट अचानक थांबला आणि धातूचा आवाज आला, तर सळई लागली आहे, असे समजावे. चार धारांचे महाग बिट सळईला ओझरते लागले, तर टिकाव धरतात. पण बीम किंवा कॉलममधील सळई ही आपल्या डोक्यावरच्या मजल्यांचा आधार आहे. ती भेदणारा बिट मिळतो म्हणून ती भेदू नये. भोक दोन-तीन इंच सरकवावे आणि जुने बुजवावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भिंतीआड वायरिंग असण्याची शक्यता असते, हेही ध्यानात ठेवावे.

एसडीएस नावाचे खाचेदार दांड्याचे बिट पुष्कळदा ‘सर्वांत भारी’ म्हणून गळ्यात मारले जातात. ते १९७५ पासूनच्या वेगळ्या पद्धतीच्या रोटरी हॅमरसाठी आहेत, घरच्या साध्या चकसाठी नव्हेत. व्हिट्रिफाइड टाइलवर ठोके बंद ठेवून, पाणी सोडत, हिऱ्याची पूड बसविलेला पोकळ बिट वापरावा. एका-दोन भोकांसाठी तो विकत घेण्यापेक्षा प्लंबरला बोलावणे स्वस्त पडते. लाकूड आणि प्लायवुडला साधा एचएसएस पुरतो. नीटनेटके भोक हवे असेल, तर मधोमध अणकुची असलेला लाकडाचा बिट घ्यावा.

तीन मिलिमीटरखालचे बिट झिजण्याआधीच मोडतात. त्यांत पैसे घालण्यात अर्थ नाही. साधे एचएसएसचे चार-पाच आणून ठेवावेत. पाच मिलिमीटरच्या वरचे बिट चांगले घ्यावेत, कारण त्यांना सराणेवर पुन्हा पुन्हा धार लावता येते. नामवंत कंपन्यांची नक्कल बाजारात येते. तेव्हा दांड्यावर एचएसएस आणि माप स्पष्ट कोरले आहे का, टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आहेत का, हे पाहावे. दुकानाच्या काचेवर बिट लोळवावा. वाकडा असेल तर डगमगताना दिसतो. दुकानदाराने तसे करू दिले नाही, तर पुढचे दुकान गाठावे.

शंभर नगांची चकचकीत पेटी भेट म्हणून द्यायला छान दिसते. तिच्यातले पाच-सहाच बिट वापरले जातात आणि नेमके तेच आधी निकामी होतात. तेवढ्याच पैशांत भिंतीसाठी तीन कार्बाइड, लोखंड-लाकडासाठी ३ ते १० मिलिमीटरमधले पाच चांगले एचएसएस आणि स्टेनलेस स्टीलचे काम निघालेच, तर त्या मापाचा एक कोबाल्टचा, एवढे सुटे घेता येतात. आणि त्याच दुकानातून डोळ्यांवर लावायचा साधा चष्माही घ्यावा. छताकडे तोंड करून भोक पाडताना सिमेंटचा चुरा सरळ डोळ्यांतच येतो.