बी-21 नंबरची पट्टी

1999 च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून मी सेलेरॉन 300ए प्रोसेसर घेऊन आलो. बाबांनी बोनसमधून पैसे दिले होते, म्हणून मदरबोर्ड स्वस्तातला घेतला. त्यावर बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग बदलायची सोयच नव्हती.

इंटेलने ऑगस्ट 1998 मध्ये हा प्रोसेसर 149 डॉलरला आणला, आणि त्याच दिवशी 450 मेगाहर्ट्झचा पेंटियम-टू 669 डॉलरला. आधीच्या सेलेरॉनमध्ये एल-टू कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असणारी वेगवान मेमरी, नव्हतीच. याच्यात 128 केबी होती, पण चिपच्या आतच आणि चिपच्याच पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम-टूची 512 केबी होती, पण निम्म्या वेगाची. चिपचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक, आणि याचा गुणक साडेचारवर कुलूपबंद. बस 66 वरून 100 वर नेली की थेट 450! शिवाय 100 चे तीन भाग केले की पीसीआयला नेहमीचे 33 च मिळतात, त्यामुळे हार्ड डिस्क आणि कार्डांवर ताण येत नाही. बस 83 वर नेली तर तो येतो. म्हणून मोठी उडी छोटीपेक्षा सुरक्षित होती, हे मला आजही सुंदर वाटतं.

पण माझ्या बोर्डाला 100 सांगायचे कसे? प्रोसेसरच्या कार्डावरची बी-21 ही एक सोनेरी पट्टी झाकली, की बोर्डाला ती 100 ची चिप वाटते. ताईची नेलपॉलिश घेतली, काडीच्या टोकाने एक थेंब लावला, रात्रभर वाळू दिला.

सकाळी पडद्यावर 450 उमटले. ती चिप अजून माझ्याकडे आहे, पट्टीवर लाल डाग तसाच.