सीआरटी कोणाला लागू पडते? एका अंदाजाचा इतिहास

आज आपण वैद्यकाच्या इतिहासातला एक प्रश्न घेणार आहोत. हृदय कमजोर झालेल्या कोणत्या रुग्णाला सीआरटीचा, म्हणजे खालच्या दोन्ही कप्प्यांना जुळवून ठोका देणाऱ्या पेसमेकरचा, उपयोग होईल, हे आधी कसं ओळखायचं?

मूळ बिघाड समजून घेऊ. बैलजोडीतला एक बैल आधी निघाला आणि दुसरा मागून, तर गाडी नुसती हिसके खाते. काही रुग्णांत विजेचा संदेश डाव्या कप्प्यात उशिरा पोचतो आणि हृदयाचं तसंच होतं. याला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. ईसीजीच्या पट्टीवर क्यूआरएस नावाची उभी लाट असते. एरवी ती 120 मिलिसेकंदांच्या आत आटोपते. इथे ती रुंद होते.

1994 मध्ये फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णात चारही कप्प्यांना पेसिंग दिलं. 2002 साली 453 रुग्णांची 'मिरॅकल' चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण जास्त चालू लागले, त्यांची धाप कमी झाली. 2005 च्या 'केअर-एचएफ'मध्ये 813 रुग्ण होते. तिथे मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी घटला.

पण साधारण तिघांपैकी एकाला फारसा फरक पडत नव्हता. ऑपरेशन, खर्च, जंतुसंसर्गाची भीती, सगळं सोसून! मग सगळ्यांची नजर गेली टूडी इकोकडे. विचार सरळ होता: हृदयाच्या भिंती मागेपुढे हलताना डोळ्यांना दिसतात, तर तेच मोजू. 2008 साली 'प्रॉस्पेक्ट' अभ्यासात 53 केंद्रांवर अशी 12 मापं तपासली. एकही माप भरवशाचं ठरलं नाही. एकाच चित्राचं माप दोन ठिकाणी वेगवेगळं निघायचं.

तरीही आशा सुटली नाही. 'इको-सीआरटी' चाचणीत 809 रुग्ण घेतले. त्यांची क्यूआरएस 130 पेक्षा अरुंद होती, पण इकोवर विसंगती दिसत होती. सगळ्यांना यंत्र बसवलं. निम्म्यांचं सीआरटी चालू, निम्म्यांचं बंद. फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली. 2013 चे आकडे ऐका: चालू गटात 45 मृत्यू, बंद गटात 26. म्हणजे अंदाज चुकला की उपचार नुसता वाया जात नाही, तो अपायही करू शकतो.

असं का झालं? भिंत उशिरा हलते त्याचं कारण दरवेळी वीज नसते. झटक्यानंतर व्रण पडलेला स्नायूही मागे राहतो, आणि सीआरटी दुरुस्त करते ती फक्त विजेची वेळ.

शेवटी उत्तर बरंचसं जुन्या पट्टीनंच दिलं. 2009 च्या 'मॅडिट-सीआरटी'त 1820 रुग्ण होते. त्यांच्या विश्लेषणात लेफ्ट बंडल ब्लॉकवाल्यांना स्पष्ट फायदा दिसला, स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनी 2016 मध्ये किमान रुंदी 120 वरून 130 केली. 2021 मध्ये सर्वांत ठाम शिफारस मिळाली ती या ब्लॉकसह 150 किंवा जास्त रुंदी असलेल्यांना.

एक गाठ अजून बाकी आहे. 'उपयोग झाला' म्हणायचं कशाला? जास्त चालता आलं, हृदयाचा आकार घटला, की आयुष्य वाढलं? ज्याचा आजार वाढायचा थांबला, पण बरं वाटलं नाही, त्याला आपण 'उपयोग झाला नाही' या रकान्यात टाकतो. यंत्र नसतं तर तो कुठे असता, हे त्या रकान्यात दिसत नाही. म्हणून अंदाजाची अचूकता विचारण्याआधी आपण विचारायला हवं, अंदाज नेमका कशाचा?

इथे थांबूया. प्रश्न असतील तर घेऊ.