बांधावरच्या झाडाचा हिशेब

शेतजमिनीवरील मोठी झाडे झपाट्याने कमी होत आहेत, ही बाब आता उपग्रहचित्रांतूनही स्पष्ट झाली आहे. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांचा या विषयावरील अभ्यास 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१०-११ मध्ये भारतातील शेतांत नोंदल्या गेलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे ११ टक्के झाडे २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती. २०१८ ते २०२२ या काळात आणखी ५० लाखांहून अधिक मोठी झाडे गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या काही भागांत ही घट विशेष जाणवते. गेलेली झाडे रोगाने वा दुष्काळाने मेली असे नाही. बहुतेक झाडे मालकांनीच काढली.

यावरून शेतकरी झाडांचा वैरी झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. महाराष्ट्रात १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि आंबा, डाळिंब, मोसंबी, काजू यांच्या बागा शेतकऱ्यांनी उत्साहाने उभ्या केल्या. तोच शेतकरी बांधावरचा कडुनिंब तोडतो. त्याचा विरोध झाडाला नसून हिशेबात न बसणाऱ्या झाडाला आहे.

हा हिशेब पूर्वी वेगळा होता. देशावर बाभूळ हे शेतीचे हुकमी झाड. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडीची चाके तिच्याच लाकडाची. शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला. लोखंडी अवजारे आली, मागोमाग ट्रॅक्टर आला आणि बाभळीची निम्मी कामे संपली. सावली मात्र उरली. याउलट कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत जिथे टिकून आहे, तिथे ऐन, किंजळ यांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात, पण झाड राखले जाते.

जमिनीच्या वाटण्यांनी सावलीचा प्रश्न अधिक टोकदार केला. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. मोठ्या शेतात चिंचेखालचे चार वाफे गेले तरी कोणी मनावर घेत नसे. अरुंद पट्टीत तेवढीच सावली डोळ्यांत भरते. त्यातही झाड सामाईक बांधावर असेल तर सावली एकाच्या पिकावर आणि चिंचा दुसऱ्याच्या घरात, असा प्रकार होतो; भाऊबंदकीला एवढे कारण पुरते. खोड सरळ आणि फांद्या आखूड असलेली रामकाठी बाभूळ अनेक शेतकरी आवर्जून राखतात, ती याचमुळे. ज्वारीच्या शेतालगतच्या झाडावर पाखरे बसतात आणि कणसे फस्त करतात, हीदेखील जुनी तक्रार. तीच पाखरे अळ्याही टिपतात, पण त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

कायद्याची भीती हे आणखी एक कारण. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, खैर, आंबा, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, फणस अशी झाडे स्वतःच्या जमिनीतून तोडण्यासही परवानगी लागते. झाडे वाचावीत हा त्यामागील हेतू. पण उद्या गरजेला विकता येईल याची खात्री नसलेले झाड लावायचे कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारतो. अनुसूचीतील झाडाचे रोप बांधावर आपोआप उगवले, तर ते लहानपणीच उपटून टाकणे त्याला सोयीचे वाटते. संरक्षणाचा कायदा असा रोपाच्या मुळावर येतो.

बाजाराचा अनुभवही फारसा चांगला नाही. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत नीलगिरी मोठ्या प्रमाणावर लावली गेली. उत्तर भारतात सगळ्यांचा माल एकाच वेळी तोडणीला आला आणि दर कोसळले. अनेकांनी खुंट खणून पुन्हा ऊस व गहू घेतला. एन. सी. सक्सेना यांनी या प्रकाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. पीक एका हंगामात बदलता येते; झाडात अडकलेली आठ वर्षे परत मिळत नाहीत. खंडाने वा बटाईने जमीन कसणाऱ्याला तर पुढच्या वर्षीचीही शाश्वती नसते. त्याच्याकडून वृक्षलागवडीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनिकी धोरण स्वीकारले. असे धोरण करणारा तो जगातील पहिला देश मानला जातो. तोड आणि वाहतुकीवरील निर्बंध सैल करण्याची गरज या धोरणातच मान्य केली आहे. प्रत्यक्षात मोठी सूट मिळाली ती बांबूला. वनस्पतिशास्त्रानुसार गवत असलेल्या बांबूला भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये झाड ठरवण्यात आले होते. २०१७ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली आणि वनक्षेत्राबाहेरील बांबू मोकळा झाला. सिंधुदुर्गातील शेतकरी मात्र त्याआधीपासूनच बांधावर माणगा बांबू राखून आहेत. भरीव, बिनकाट्याचा हा बांबू लावल्यापासून चार-पाच वर्षांत तोडणीला येतो आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे पैसे हाती येत राहतात.