लहरींची वाटणी आणि वऱ्हाडचा रेडिओ

मूर्तिजापूरचे स्टेशन वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? मुंबई-नागपूरची रुंद रुळांची गाडी येथे थांबे, आणि त्याच आवारात यवतमाळकडून आणि अचलपूरकडून अरुंद रुळांची शकुंतला धापा टाकीत येऊन उभी राही. तेथून अकोल्यास यावे तर तिसराच प्रकार. खांडव्याहून पूर्णेकडे जाणारा मीटर गेजचा रस्ता. चाळीस किलोमीटरांच्या आत रुळांच्या तीन रुंदी! एका गाडीचा डबा दुसऱ्या गाडीच्या रुळावर चढायचा नाही. कापसाच्या गाठी उतरवा आणि पुन्हा भरा. हमालाला काम मिळे हे खरे, पण व्यापाऱ्याचा वेळ जाई आणि पैसाही जाई.

रुळांचा हा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. पण अगदी असाच घोळ आकाशात झाला होता, तो दिसत नव्हता. नुसता ऐकू येत होता. तो कसा निस्तरला, आणि त्यात आपल्या वऱ्हाडच्या पदरी काय पडले, हे आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

प्रारंभ जहाजांपासून झाला. मार्कोनीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रकिनाऱ्यांवर बिनतारी संदेशांची ठाणी उभारली आणि जहाजांवर आपली यंत्रे व आपलीच माणसे बसविली. नियम असा, की मार्कोनीच्या ठाण्याने मार्कोनीच्याच जहाजाशी बोलावे. दुसऱ्या कंपनीचे यंत्र असेल तर त्याच्या संदेशास उत्तर द्यायचे नाही. १९०२ साली जर्मन सम्राटाचे बंधू प्रिन्स हेन्री अमेरिकेहून ‘डॉइचलांड’ या जहाजाने परत निघाले. अध्यक्ष रूझवेल्टना आभाराचा संदेश पाठवावा असे त्यांच्या मनात आले. पण जहाजावरचे यंत्र जर्मन बनावटीचे! किनाऱ्यावरच्या ठाण्याने संदेश घेतला नाही. राजपुत्राची ही गत, तर बुडत्या गलबताची काय होणार?

जर्मनीने १९०३ मध्ये बर्लिनला नऊ राष्ट्रांची बैठक बोलाविली आणि १९०६ मध्ये तेथेच मोठी परिषद भरली. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, किनारा व जहाज यांनी एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत, असे ठरले. सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटरच्या लहरी नेमल्या गेल्या. ‘एस. ओ. एस.’ ही संकटाची खूणही याच परिषदेतली. यात जर्मनीचा स्वार्थ नव्हता असे मुळीच नाही. तिला मार्कोनीची मक्तेदारी मोडायची होती. पण पुष्कळदा दोघांच्या भांडणातून तिसऱ्याच्या सोयीचा कायदा जन्मास येतो, तसेच येथे झाले.

पुढे १९१२ च्या एप्रिलात ‘टायटॅनिक’ बुडाले. जवळच्या एका जहाजावरचा एकुलता एक बिनतारीवाला त्या वेळी झोपी गेला होता. त्याच वर्षी लंडनला परिषद भरून नियम अधिक कडक झाले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२७.

त्या वर्षी २३ जुलैला मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथून विलायतेशी थेट बिनतारी तारव्यवहार सुरू झाला. खडकीहून संदेश सोडायचा, दौंडला झेलायचा. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला ऐंशी देशांचे प्रतिनिधी बसले व त्यांनी साऱ्या लहरींचा एक तक्ता तयार केला. इतकी कंपने ते इतकी कंपने जहाजांना, इतकी विमानांना, इतकी ध्वनिक्षेपणाला, इतकी हौशी मंडळींना. शेताचे गट पाडावेत तसे आकाशाचे गट पडले.

राष्ट्राराष्ट्रांना आद्याक्षरेही अशाच करारांनी वाटून दिली गेली. कोणता आवाज कुठल्या देशाचा हे कळावे म्हणून. भारताच्या वाट्याला जी अक्षरे आली त्यांत ‘व्ही. टी.’ पासून ‘व्ही. डब्ल्यू.’ पर्यंतची आहेत. मुंबई केंद्राचे सांकेतिक नाव होते ‘व्ही. यू. बी.’, दिल्लीचे ‘व्ही. यू. डी.’. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावर २०२५ पासून प्रवासी विमान उतरू लागले आहे. त्याच्या अंगावर ‘व्ही. टी.’ ही अक्षरे रंगविलेली दिसतील. ‘व्ही. टी.’ म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, असे पुष्कळ लोक मोठ्या त्वेषाने सांगतात. तसे काही नाही हो! ती अक्षरे रेडिओच्या तक्त्यातून विमानावर गेली आहेत.

आता वऱ्हाडकडे येऊ. नागपूरला आकाशवाणी केंद्र झाले ते १९४८ साली. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. त्यापूर्वी अकोल्या-अमरावतीच्या घरात मराठी शब्द मध्यम लहरींवर ऐकायचा तर मुंबई लावावी लागे, आणि तीही दिवस मावळल्यावर. असे का? मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि काही अंतरावर क्षीण होतात. वर जाणारा भाग आकाशातला एक थर दिवसा शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग त्याहून उंच असलेल्या थरावर आपटून लहरी शेकडो कोस दूर जमिनीवर उतरतात. म्हणून दिवसा मुकी असलेली मुंबई रात्री अकोल्याच्या ओसरीवर बोलू लागे.

पण रात्र जशी मुंबईला घेऊन येई, तशी ती साऱ्या जगालाही घेऊन येई. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, बातम्या चालल्या असताना मागे एक बारीक शिट्टी सतत वाजत राही. पुष्कळांना वाटे की यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसे. समजा, एक केंद्र ५९० वर बोलते आहे आणि दूर देशातले दुसरे ५९४ वर. या दोन्ही लहरी एकाच वेळी तुमच्या यंत्रात शिरल्या की त्यांच्यातला फरक, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांचा सूर, शिट्टी होऊन ऐकू येतो. दोन्ही केंद्रे अगदी एकाच आकड्यावर असती तर ही शिट्टी झाली नसती. दुसऱ्याचा आवाज फार तर अंधूकपणे मागे राहिला असता.

आणि आकडे जुळत नव्हते, कारण युरोपात दोन शेजारी केंद्रांत साधारण ९ किलोसायकल्सचे अंतर ठेवीत, तर आपल्याकडे आशियात १० चे. मूर्तिजापूरचीच गोष्ट, फक्त येथे रूळ हवेत होते. (किलोसायकल हा शब्द आता गेला, त्याच्या जागी किलोहर्ट्झ आला. मोजमाप तेच.)

याचा निकाल लागला जिनिव्हात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या सर्वांची एकत्र परिषद १९७४ आणि १९७५ अशा दोन बैठकांत भरविली. ठरले असे, की दोन जागांत सर्वत्र ९ चेच अंतर राहील. इतकेच नव्हे, तर प्रत्येक आकड्याला नऊने नि:शेष भाग गेला पाहिजे. १९७८ च्या २३ नोव्हेंबरला हा नियम अमलात आला. लंडनच्या बी. बी. सी. नेही त्याच दिवशी आपले आकडे बदलले.

नागपूरला मिळाला ५८५. वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या आणि पडताळा पाहा. पाच, आठ, पाच यांची बेरीज अठरा, म्हणजे नऊने भाग जातो. मुंबईचा ५५८ घ्या, तीच बेरीज. मुंबईचाच १०४४ घ्या, बेरीज नऊ. पुण्याचा ७९२, जळगावचा ९६३, पुन्हा अठरा आणि अठरा. शाळेतल्या गुरुजींनी शिकवलेली नऊची कसोटी जिनिव्हाच्या सभागृहात अशी कामास आली!

नऊच्या पटीचाच आग्रह का, असे कोणी विचारील. यंत्रातून मूळ कंपनसंख्येबरोबर तिची दुप्पट, तिप्पटही थोडीफार बाहेर पडते. ५८५ ची दुप्पट ११७०, तिलाही नऊने भाग जातो. म्हणजे ही गळती कुणाच्या अंगावर पडली तरी बरोबर त्याच्या आकड्यावर पडते, शिट्टी होत नाही. शिवाय अंतर दहावरून नऊवर आणल्याने जागा वाढल्या. ५३१ पासून १६०२ पर्यंत मोजल्यास १२० जागा होतात. मात्र याची किंमत सुराला द्यावी लागली. शेजार जवळ आला म्हणून घरगुती रेडिओ साधारण साडेचार हजार कंपनांपलीकडचे सूर गाळूनच टाकतात. मध्यम लहरींवर तंबोरा नेहमी थोडा भिंतीआडून वाजल्यासारखा वाटतो तो यामुळे. माझ्या मते हा सौदा तोट्याचा नव्हता. कापसाचा भाव आणि पावसाचा अंदाज ऐकणाऱ्याला शिट्टी जाणे अधिक मोलाचे.

एकशेवीस जागा आणि अर्धे जग! अर्थात एक जागा एकाच केंद्राची असणे शक्यच नव्हते. ५८५ हा आकडा स्पेनमध्ये माद्रिदला आणि ऑस्ट्रेलियात पर्थलाही दिला गेला. एकमेकांना त्रास होणार नाही इतकी दूरची बिऱ्हाडे एका आकड्यावर नांदविणे, हेच या आखणीचे खरे कौशल्य. अमेरिका मात्र या करारात नव्हती. तिने दहाचेच अंतर ठेवले. त्यामुळे तिकडून कोणी नातलग आकडे दाखविणारा रेडिओ घेऊन आला, की तो ५८० वर थांबे आणि पुढची उडी एकदम ५९० वर घेई. नागपूर मधल्या मध्ये हुकले! अशा पुष्कळ यंत्रांच्या पाठीमागे ‘९/१०’ अशी एक बारीक कळ असते. ती सरकवली की झाले.

आता यातला कळीचा प्रश्न. जागा कोणाला, हे ठरते कशावर? आरंभी रीत होती ती पहिल्याची. ज्याने आधी वापरली आणि आधी नोंदविली, त्याचा हक्क. ही रीत दिसायला सरळ, पण जे देश पारतंत्र्यात होते त्यांना नोंद करायला आधी जाता आलेच कुठे? स्वतंत्र होऊन ते दाराशी आले तेव्हा लघुलहरींची बैठक श्रीमंतांनी भरून गेली होती. अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे १९४७ ची परिषद भरली. तेथे संघाची नवी घडी बसली, नोंदी तपासण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले आणि जगाचे तीन विभाग पडले. आपण तिसऱ्या विभागात. पुढे एकामागून एक नवी राष्ट्रे आली आणि प्रत्येक परिषदेत ‘आधी आला तो धनी’ याविरुद्ध ‘सर्वांना न्याय्य वाटा’ असा झगडा होत राहिला.

या संघात भारत नवखा नव्हता. तारायंत्राच्या काळापासून, म्हणजे १८६९ पासून, भारताचे नाव त्यात आहे. आणि मराठी माणसाने अभिमान धरावा अशी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९६५ साली स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो येथे संघाची शताब्दी-परिषद भरली, तीत महासचिव म्हणून निवडून आले ते मनोहर बाळाजी सरवटे. त्याआधी ते उपमहासचिव होते. साऱ्या जगाच्या तारा, टेलिफोन आणि बिनतारी लहरी ज्या कचेरीत नोंदल्या जातात, तिच्या प्रमुखाच्या खुर्चीवर सरवटे हे आडनाव! दुर्दैव असे की १९६७ च्या फेब्रुवारीत, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख मला आढळलेला नाही.

अकोल्याला स्वतःचे केंद्र लाभले ते एफ. एम. चे, १०२.४ वर. हे आकडे मेगाहर्ट्झचे. त्यांना नऊची कसोटी लावू नका, ते निराळ्या वहीत आहेत. या लहरी नजरेच्या टप्प्यापलीकडे फारशा जात नाहीत. आवाज स्वच्छ, तंबोरा समोर बसल्यासारखा, पण गाविलगडच्या डोंगरापाशी तो अडखळतो. मेळघाटातल्या खोऱ्यांना डोंगर वळसा घालून येणारी मध्यम लहरच बरी, हे मेळघाटात राहिलेला कोणीही सांगेल.

आणि वाटणी एकदा झाली म्हणजे कायमची झाली असेही नाही. १९५२ पासून बुधवारी रात्री आठ वाजता वऱ्हाडातल्या किती घरांत रेडिओ सिलोन लागे, हे सांगायला नको. युद्धकाळात कोलंबोला उभारलेले बलाढ्य यंत्र, दिल्लीला सिनेसंगीताचे वावडे, आणि हवेत बिनाका गीतमाला! सिलोनची एक्केचाळीस मीटरवरची ७१९० ही जागा जुन्या श्रोत्यांना तोंडपाठ आहे. तोच पट्टा अमेरिका खंडात मात्र ध्वनिक्षेपणाला नव्हता, हौशी बिनतारीवाल्यांना होता. तिकडचे हौशी बोलू लागले की इकडच्या केंद्रांचा गलबला त्यांच्यावर कोसळे. अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर २००३ च्या परिषदेत ठरले, की ७१०० ते ७२०० हा पट्टा ध्वनिक्षेपणाने रिकामा करावा. मुदत २९ मार्च २००९ ची होती. आज एखाद्याने माळ्यावरचा जुना रेडिओ काढून, पुसून, रात्री काटा त्या ठिकाणी नेला, तर गाणे लागणार नाही. नशीब असेल तर मोर्सच्या बारीक टिकटिकीत ‘व्ही. यू.’ ने सुरू होणारे एखादे नाव ऐकू येईल, कोणी तरी आपल्याच देशातला हौशी माणूस दूरच्या दुसऱ्या हौशी माणसाला हाक मारीत असेल.